हात पोचेल तिथेच दोष: एका कूलिंग कॉइलचं प्रकरण

गाडी छोटी हॅचबॅक. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. तक्रार एका ओळीची: एसी गार करत नाही. गॅस भरला की काही आठवडे छान चालतो, मग गारवा हळूहळू उतरतो आणि शेवटी नुसता वारा. दर खेपेला हा काळ आधीपेक्षा थोडा कमी भरायचा.

मालकीणबाईंनी गाडीबरोबर जुन्या बिलांची फाइल आणली होती आणि या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा त्या फाइलमध्येच सापडला. आधी झालेली कामं तारखेप्रमाणे लावली तर क्रम असा: पहिल्यांदा नुसता गॅस. मग गॅस भरायच्या दोन्ही तोंडांतल्या व्हॉल्व्ह पिना. मग कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीच्या, जोडांच्या ओ-रिंगा (रबरी कड्या). मग अख्खा कंडेन्सर. शेवटच्या कागदावर कॉम्प्रेसर बदलायचा अंदाजखर्च होता, त्याला मात्र बाईंनी होकार दिला नव्हता.

आता हीच यादी दुसऱ्या तऱ्हेने लावून बघा. बॉनेट उघडल्यावर कुठला भाग किती सहज हाताला लागतो, त्या हिशेबाने. यादी जशीच्या तशी राहते, एकही नाव जागा सोडत नाही.

अवघड जागी बसवलेल्या भागाचा त्रास आपण मजुरीच्या तासांत मोजतो. ते तास खरेच आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण पाना हातात घ्यायच्या आधीच एक नुकसान होऊन गेलेलं असतं. जिथे हात पोचत नाही, तिथे संशय घ्यायलाही कुणी तयार नसतं. कूलिंग कॉइल, म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसलेली आणि केबिनची हवा गार करणारी जाळी, गळत असेल असं म्हटलं की पुढचं वाक्य ‘डॅशबोर्ड उतरवावा लागेल’ हे असतं, आणि ते वाक्य ना मेकॅनिकला बोलायचं असतं ना गिऱ्हाइकाला ऐकायचं. मग दोघं मिळून कंडेन्सरवर समाधान मानतात.

‘प्रेशर ओके’

जवळपास प्रत्येक बिलावर ‘प्रेशर ओके’ असा शेरा होता. त्यात लबाडी नसावी. पण त्या शेऱ्याचा उपयोगही शून्य होता. गाडी बंद असताना नळ्यांमध्ये द्रवरूपात थोडा जरी गॅस शिल्लक असेल, तरी गेजवरचा दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए या गॅससाठी २५ अंश सेल्सिअसला तो साधारण ५.६ बार येतो. गॅस पूर्ण भरलेला असो की निम्मा, काटा तिथेच. एसी चालू करून घेतलेले दाब थोडं जास्त बोलतात, पण तेही बाहेरचं ऊन, ब्लोअरचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांवर इतके हलतात की त्यावरून ग्रॅम सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

किती गॅस उरलाय हे समजायचा खात्रीचा मार्ग एकच: मशीन लावून सगळा ओढून घ्यायचा आणि वजन बघायचं. बॉनेटखालच्या पट्टीवर ४५० ग्रॅम छापलेले होते. मशीनमध्ये निम्मेसुद्धा आले नाहीत. म्हणजे गळती आहे, आणि ती बारीक पण सतत चालणारी आहे, एवढं पक्कं झालं.

कंडेन्सर बदलण्यामागे मात्र नुसता आळस नव्हता, फसायला कारण होतं. आधीच्या गॅरेजने गॅसबरोबर रंग सोडला होता, अतिनील दिव्याखाली पिवळा-हिरवा चमकणारा. गळतीतून तेल बाहेर येतं, तेलाबरोबर रंग येतो, दिवा मारला की जागा दिसते. पद्धत चांगली आहे. पण इंजिन गार ठेवणाऱ्या कितीतरी हिरव्या कूलंटमध्येही चमकणारा रंग मिसळलेला असतो. या गाडीत रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या शिवणीतून कूलंटचा थोडा पाझर होता आणि रेडिएटरच्या अगदी पुढ्यात कंडेन्सर बसतो. दिवा मारला, चमक दिसली, कंडेन्सर गेला. चमक कुठून ओघळत खाली आली हे वाकून बघायचं राहिलं.

कॉइल गळत असेल तर तिथला रंग दिसत नाही, कारण कॉइलवर सतत पाणी सुटत असतं आणि तेच पाणी रंग धुऊन नेतं. तो बघायचा असेल तर गाडीखाली जाऊन, पाणी ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी. त्यासाठी गाडी उचलावी लागते. पुन्हा तेच, हात पोचायचा प्रश्न.

कॉइलपर्यंत जाण्याआधी

गॅस ओढून घेण्याआधी आम्ही एक साधी गोष्ट केली होती. आर-१३४ए हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असतो, त्यामुळे कॉइलच्या बंद डब्यात तो तळाला साचतो. गाडी ब्लोअर बंद ठेवून बराच वेळ उभी केली आणि गॅस हुंगणाऱ्या यंत्राची सोंड त्या निचऱ्याच्या नळीत सारली. यंत्र लगेच ओरडायला लागलं. नळीच्या तोंडाशी दिवा मारल्यावर फिकट पिवळी कडाही दिसली.

एवढ्यावर डॅशबोर्ड उतरवायला घेणारे असतात. मी घेत नाही. हुंगणारं यंत्र गाडीतल्या अत्तराच्या बाटलीवर, डॅशबोर्ड पुसायच्या फवाऱ्यावर, कधी साफसफाईच्या द्रावणावरही ओरडतं. ज्या कामात गाडीचा अर्धा पुढचा भाग मोकळा होणार आहे, त्याला वासापेक्षा भक्कम पुरावा हवा. कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह या गाडीत फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, इंजिनाकडच्या बाजूला आहे. तो सोडला की कॉइलच्या दोन नळ्यांची तोंडं समोर येतात. त्यावर तोंड बंद करणारी पट्टी बसवून फक्त कॉइलमध्ये कोरडा नायट्रोजन भरला, १० बारपर्यंत. या कामाला साधी कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजनचा तर विचारही करायचा नाही, तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

रात्रभर ठेवलं. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो: १० बारच्या आसपास नायट्रोजनचं तापमान १० अंशांनी उतरलं तर गेज साधारण ०.४ बार खाली येतं, आणि ती गळती नव्हे. सकाळी काटा त्याच्या कितीतरी खाली होता. बाकी सगळी लाइन वेगळी तपासली, ती धरून राहिली. आता कॉइलखेरीज दुसरा कुणी आरोपी उरला नाही.

बाईंना समोर बसवून हे दाखवलं. त्यांनी विचारलं, “दादा, हातभर लांबीचा पार्ट, त्याच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड?”

“मॅडम, पार्ट स्वस्तच आहे. पैसे तिथपर्यंत जायचे आहेत.”

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग दर उन्हाळ्याला गॅस भरत राहिलो तर? यावर ‘तुमची गाडी, तुमची मर्जी’ म्हणून सुटता येतं, पण त्याचा खरा हिशेब मांडायला हवा. गॅस एकटा जात नाही, त्याच्याबरोबर थोडं थोडं तेलही जातं. तेच तेल कॉम्प्रेसरला वंगण असतं. नुसता गॅस भरत राहिलं की कॉम्प्रेसर कोरडा पडत जातो आणि एक दिवस धरतो. मग कॉम्प्रेसर बदलायचा, आणि कॉइल तशीच ठेवून नव्यालाही त्याच वाटेला लावायचं. फाइलमधला शेवटचा अंदाजखर्च या वाटेवरचा पुढचा मुक्काम होता. शिवाय हवेत सोडलेला १ किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी धरतात. हे सांगितल्यावर कुणी लगेच हजाराची कामं काढतं असा अनुभव नाही, पण सांगावं.

मधला एक मार्गही आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतो. ग्लोव्ह बॉक्स काढायचा, एसीच्या डब्याचं प्लास्टिक बाजूने कापायचं, कॉइल खिडकीतून ओढल्यासारखी काढायची, नवी सारायची आणि कापलेला तुकडा सीलंट आणि पट्ट्या लावून परत चिकटवायचा. डॅशबोर्ड जागचा हलत नाही. काही गाड्यांत डब्याची रचना अशी असते की हे नीट जमतं, तिथे माझा आक्षेप नाही. या गाडीत कापायच्या रेषेतच पाणी गोळा होणारी परात येत होती. तिथला सांधा जरा सुटला की पाणी गालिच्यावर, आणि गालिच्याखाली वायरिंग. शिवाय कापताना पडलेला प्लास्टिकचा भुसा ब्लोअरच्या पंख्यात जातो, तो वेगळा. बाईंनी पूर्ण काम करायला सांगितलं.

एक नट

डॅशबोर्ड उतरवायच्या कामाचं वर्णन क्रमाने लिहायला लागलं तर कंटाळा येईल, आणि त्यातलं बरंचसं खरोखर कंटाळवाणंच आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, एअरबॅगसाठी पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, पिवळे कपलर सोडायचे, चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग काढायचं आणि क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोचवणारी वायरची गुंडाळी) फिरू नये म्हणून तिला टेप लावायची. मग मीटर, स्टिरिओ, मधला कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स, खांबांवरची पट्टी. जुन्या प्लास्टिकचे लॉक थंड असताना हमखास तुटतात, गरम हवा मारून काढले तर बरेच वाचतात. डॅशबोर्डचं कवच उतरलं की आतून लोखंडी आडवा बीम दिसतो, दोन्ही खांबांना बोल्टने धरलेला, आणि त्याच्या पोटाशी एसीचा काळा डबा.

तो डबा तीन जागी आतून धरलेला होता. त्यांचं काही अवघड नाही. चौथी जागा म्हणजे डब्यातून निघून फायरवॉलच्या पलीकडे गेलेला एक स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा दांडा), आणि त्याच्यावरचा नट इंजिनाच्या बाजूला.

हा नट १० मिलिमीटरच्या पान्याचा, एम-६ आट्यांचा. बाकडावर असता तर दहा सेकंदांचं काम. इथे तो फायरवॉलच्या उष्णतारोधक गादीत अर्धा बुडालेला, वर काचेखालची प्लास्टिकची काउल, पुढे हीटरच्या दोन नळ्या, बाजूला ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी आणि समोर इंजिनाची पाठ. हात गेला तर पाना जात नाही, पाना गेला तर डोळे जात नाहीत. शेवटी वायपरचे दांडे, काउल आणि वायपरच्या मोटरचा सगळा सांगाडा काढला, तेव्हा कुठे वरून एक हात मनगटापर्यंत उतरला. पण त्यानेही नट दिसला नाही, बोटांना लागला एवढंच. आरसा आणि छोटा दिवा धरून एकदा बघितला आणि पुढचं सगळं काम चाचपडत.

सॉकेट बसत नव्हतं, कारण स्टड लांब होता आणि खोल सॉकेटला मागे जागा नव्हती. उरला साधा बारा कोनी रिंग पाना. तो एका वेळी ३० अंश फिरला की काढून पुन्हा बसवायचा, म्हणजे एका फेऱ्याला बारा वेळा. एम-६ च्या आट्यांमध्ये अंतर १ मिलिमीटर, आणि या स्टडवर नटाला साधारण १५ मिलिमीटर प्रवास. पंधरा फेरे गुणिले बारा: १८० वेळा पाना बसवायचा, ३० अंश ओढायचा, काढायचा. तेही आटे गंजलेले, म्हणजे सैल झाल्यावर बोटाने भरभर फिरवू म्हटलं तर नाही. ७२ दात्यांचा रॅचेट रिंग पाना प्रत्येक ५ अंशांना पकड घेतो, म्हणून अशा जागी तो देवासारखा वाटतो. पण त्याचं डोकं जाड असतं, आणि या जागी नळी आणि नट यांच्यामध्ये ते जाडपण मावेना. हीटरच्या नळ्यांमधलं कूलंट काढून नळ्या सोडल्या आणि बाजूला दोरीने बांधल्या, मग तो रॅचेट शिरला.

नट सुटताना खाली पडू नये म्हणून खालच्या फटीत आधीच कापड कोंबलेलं होतं. हे न करणाऱ्याचा पुढचा वेळ चुंबकाची काठी घेऊन गाडीखालच्या आडव्या लोखंडी क्रॉस मेंबरच्या भोकांत मासेमारी करण्यात जातो. परत बसवताना नट पान्यातून निसटू नये म्हणून आत ग्रीसचा थेंब किंवा कागदाचा तुकडा घालायचा, हेही इथलं नित्याचं.

नवखे अशा वेळी चिडून जोर लावतात आणि कोपरे गोल करून बसतात. चिडण्याला कारण आहेच. इथे ताकद लागत नाही, अक्कलही फारशी लागत नाही. लागतो तो निव्वळ वेळ, आणि तो वेळ कुठल्याही बिलावर समजावून सांगता येत नाही. ‘नट काढला’ या दोन शब्दांसमोर कोण किती तास लावील?

कारखान्यात हात पोचत होता

इथे डिझाइन करणाऱ्याला शिव्या घालायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. ‘ज्याने हे काढलं त्याला एकदा इथे हात घालायला लावा.’ मीही घालतो, पण त्या शिव्यांचा पत्ता जरा चुकतो.

तो नट कुणी अवघड जागी मुद्दाम ठेवला नाही. कारखान्यात आडवा बीम, एसीचा डबा, वायरिंग आणि डॅशबोर्ड हे सगळं बहुतेक वेळा गाडीबाहेर एका सांगाड्यावर जोडतात. चारी बाजूंनी माणूस फिरू शकतो, प्रत्येक बोल्ट समोर असतो. मग तो तयार ठोकळा दाराच्या जागेतून आत सरकवतात. त्या घडीला पुढे इंजिन नसेल, काउल नसेल, हीटरच्या नळ्या नसतील, तर फायरवॉलच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या कामगाराला स्टड अगदी डोळ्यांसमोर दिसतो. सरळ मशीन लावायचं, नट आवळायचा, पुढची गाडी. जोडायच्या क्रमाने पाहिलं तर गाडी सोपी आहे. दुरुस्ती त्या क्रमाच्या मधोमध घुसते, तिथे आधीचं आणि नंतरचं दोन्ही अंगावर येतं.

जागेची टंचाई ही वेगळी गोष्ट, आणि तिचा उगम बराच जुना. १९५९ च्या मिनीत अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून सुमारे ३ मीटर लांबीच्या गाडीत चार माणसं नीट बसवली. माणसांना मिळालेली जागा यंत्रांच्या वाट्यातून गेली. आडव्या इंजिनाची एक बाजू नेहमीच फायरवॉलला पाठ लावून उभी असते, आणि आमचा नट नेमका त्या पाठीमागे होता. आजच्या छोट्या गाड्यांची मांडणी बहुतांशी त्याच वाटेवरची आहे, आणि गाडीत बसणाऱ्याला त्याचा फायदाच होतो. जागा वाया न घालवणारी गाडी हवी असेल तर आत शिरणाऱ्या हातालाही जागा उरणार नाही, हे मला मान्य आहे.

गंमत अशी की गाडीतली पहिली कूलिंग कॉइल हाताशी होती. पॅकार्डने १९४० च्या मॉडेलला कारखान्यातूनच एसी द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉइल मागच्या सीटच्या मागे, डिकीत होती. डिकी उघडली की समोर. तिने डिकीची बरीच जागा खाल्ली हा भाग वेगळा. पण त्या एसीत कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे थंडीत तो बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. दुरुस्ती सोपी, वापर अवघड. नॅशने १९५४ मध्ये गरम, थंड आणि ताजी हवा देणारी सगळी यंत्रणा एकत्र करून पुढच्या भागात बसवली, डिकी मोकळी झाली आणि गाडीवाल्याची सोय झाली. कॉइल डॅशबोर्डच्या पोटात जायला सुरुवात साधारण तिथून झाली.

त्यामुळे भाग आत का, यावर माझं भांडण नाही. माझं भांडण त्या एका स्टडच्या दिशेवर आहे. तोच बोल्ट उलटा, आतून आवळायचा ठेवला असता तर काउल, वायपर, हीटरच्या नळ्या आणि कूलंट यांना हात लावायची गरज पडली नसती. डब्याचे बाकीचे तीन नट आतूनच आहेत, म्हणजे ते अशक्य नव्हतं. कारखान्यातल्या काही सेकंदांसाठी दुरुस्तीचे तास खर्ची पडलेले आहेत, आणि ते तास कंपनीच्या हिशेबात कुठेच येत नाहीत. वॉरंटी संपली की ते गाडीमालकाचे.

डबा उघडल्यावर

बाकडावर डबा आला की काम पुन्हा माणसात येतं. स्क्रू आणि क्लिपा सोडल्या, दोन फाका वेगळ्या केल्या. कॉइलच्या तळाला पाचोळ्याचा आणि धुळीचा ओला, काळा थर बसला होता. वरच्या भागात पत्रे स्वच्छ, खालच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी झालेलं अॅल्युमिनियम.

नवी कॉइल बसवणं हा तसा शेवटचा आणि सोपा भाग, पण दोन गोष्टी इथे चुकतात आणि मग डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरतो. पहिली, कॉइलभोवतीची स्पंजची पट्टी. जुनी पट्टी कुजलेली असते, नवीन कॉइलबरोबर ती नेहमी येत नाही, आणि ‘चालतंय’ म्हणून तशीच ठेवली की हवा कॉइलला बगल देऊन निघून जाते, शिवाय पाणी परातीऐवजी सांध्यातून बाहेर येतं. दुसरी, पत्र्यांमध्ये खोचलेला तापमानाचा सेन्सर. तो काडीसारखा बारीक असतो, कुठल्याही फटीत जातो, म्हणून कुठेही खोचला जातो. पण कॉइलचा सगळ्यात गार भाग बघूनच कॉम्प्रेसर बंद करायचा, हे त्याचं काम. दोन बोटं बाजूला गेला तर कॉइलवर बर्फ जमतो आणि तासाभराने वारा येईनासा होतो. जुनी कॉइल काढायच्या आधीच त्याची जागा वरून कितवा पत्रा आणि डावीकडून किती अंतर अशी मोजून ठेवली होती.

‘आत गेलोच आहोत तर’ हा प्रश्न प्रत्येक अशा कामात येतो. त्याच डब्यात हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तोही बदलून टाकायचा का? बरेच जण टाकतात. मी तो दाब देऊन तपासला, धरून राहिला, आणि तसाच ठेवला. कारखान्यातून आलेला, वर्षानुवर्षं न गळलेला भाग काढून त्याच्या जागी बाजारातला नवा, न पारखलेला भाग बसवण्यात शहाणपण दिसत नाही. रबर आणि हलणारे भाग मात्र बदलले: ओ-रिंगा, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, गरम-थंड हवेचा पडदा हलवणारी आणि टकटक करायला लागलेली मोटर. ओलावा शोषणारी ड्रायरची पिशवी इंजिनाकडच्या बाजूला, कंडेन्सरमध्ये आहे, ती लाइन उघडली की बदलावीच लागते.

डबा परत जागी बसवला, तो नट पुन्हा आवळला आणि डॅशबोर्डचं कवच चढवायच्या आधी थांबलो. पुन्हा नायट्रोजन, पुन्हा एक रात्र. मग व्हॅक्यूम, मग वजन करून ४५० ग्रॅम गॅस, आणि एसी चालू. निचऱ्याच्या नळीतून पाणी पडतं का ते बघितलं, पडदे हलतात का ते बघितलं. एअरबॅगचे कपलर सुटलेले असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कोड साठून राहतो. स्कॅनरने तो नंतर पुसता येतो, म्हणून मी त्याची पर्वा करत नाही. डॅशबोर्ड पूर्ण चढवून मग पाणी गालिच्यावर बघण्यापेक्षा ते परवडतं. फक्त त्या वेळात गाडी जागची हलवायची नाही, आणि कपलर पुन्हा जोडण्याआधी चावी बंद, बॅटरी काढलेली, सगळं पहिल्यासारखं.

नंतर

जुनी कॉइल पाण्याच्या टबात बुडवून नायट्रोजन सोडला. बुडबुडे बरोबर त्या काळ्या थराखालच्या कोपऱ्यातून आले, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून. पाचोळा वर्षभर ओला राहतो, त्यात आम्ल तयार होतं, आणि तिथला पातळ अॅल्युमिनियम खड्डे पडत पडत फुटतो.

हा पाचोळा आत आलाच कसा? काचेखालच्या जाळीतून येणारी हवा केबिन फिल्टरमधून जायला हवी. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे त्याचा खण आहे, दोन खिट्ट्या दाबल्या की उघडतो, हत्यार लागत नाही. खण रिकामा होता. कुणीतरी घाण झालेला फिल्टर काढून फेकला आणि नवा घातलाच नाही. संपूर्ण फाइलमध्ये केबिन फिल्टरचं एकही बिल नाही. हात सहज पोचेल अशी ही जागा मात्र संशयाच्या यादीत कधीच आली नाही, कारण ती गॅसची गळती दाखवत नाही, गळती तयार करते. हे मान्य करायला हवं, नाहीतर माझी पहिली यादी जरा जास्तच सोपी वाटेल.

गाडी नेल्यावर काही दिवसांनी बाईंचा फोन आला. एसी उत्तम, पण खराब रस्त्यावर ग्लोव्ह बॉक्सच्या वरून बारीक कुरकुर येते. येणारच होती. एकदा उतरवलेला जुना डॅशबोर्ड पुन्हा कारखान्यासारखा गप्प बसत नाही. हवेच्या नळकांड्याच्या एका सांध्यात प्लास्टिकवर प्लास्टिक घासत होतं, ग्लोव्ह बॉक्स काढून तिथे फेल्टची पट्टी लावली आणि आवाज बराच कमी झाला. पूर्ण गेला असं मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

कामाच्या तासांचा कागद त्यांनी नीट वाचला. कॉइल बदलायला लागलेला वेळ एका ओळीत आणि तिच्यापर्यंत जाऊन परत यायचा वेळ बाकीच्या सगळ्या ओळींत. कामाच्या तासांची जी पुस्तकं असतात त्यांतले आकडे स्वच्छ बोल्ट आणि न तुटणारे लॉक गृहीत धरून असतात, म्हणून जुन्या गाडीत ते कधीच पुरत नाहीत. जास्तीचा वेळ कुठे गेला हे दाखवायला आम्ही त्या नटाचा आरशातला फोटो काढून ठेवला होता. तो बिलाला जोडला, आणि एक प्रत गाडीच्या फाइलमध्ये, मागे पान्याचा आकार आणि ‘आधी काउल, मग हीटरच्या नळ्या’ एवढं लिहून. दुरुस्तीच्या पुस्तकात त्या नटाला बाण दाखवलेला आहे. हात तिथे कुठून न्यायचा, ते पुस्तकात नाही.